रक्तदाबाची रोजवही

जुळे सोलापुरातून सकाळी दुकान उघडण्यासाठी नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत जाणाऱ्या व्यापाऱ्यास गेल्या दिवाळीतील विक्री विचारली, तर तो वही न उघडता सांगतो. कोणाकडे किती उधारी थकली आहे, हेही त्यास तोंडपाठ असते. मात्र रक्तदाब किती, असे विचारले की उत्तर बहुधा एकच येते: ‘मागे शिबिरात पाहिला होता, ठीक होता.’ ते शिबिर महावीर जयंतीचे असते, आणि कोणत्या वर्षीच्या जयंतीचे, हे मात्र आठवत नाही.

यात दोष केवळ आळसाचा नाही. रक्तदाब वाढला तरी दुखत नाही, ताप येत नाही, भूक मंदावत नाही. डोके दुखणे किंवा मान आखडणे हे त्याचे खात्रीचे लक्षण आहे ही समजूतही खरी नाही. बहुसंख्य माणसांत तो वर्षानुवर्षे मुकाट राहतो आणि हृदय, मूत्रपिंड, डोळे व मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजवत असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के यांचा रक्तदाब वाढलेला, अथवा औषधाने आटोक्यात ठेवलेला आढळला. म्हणजे पाच-सहा प्रौढांच्या एकत्र कुटुंबात एखाद्याचा तरी तसा असणे मुळीच आश्चर्याचे नाही.

दवाखान्यातील मोजणी आवश्यकच आहे, परंतु ती एका क्षणाची असते. जिना चढून, तासभर वाट पाहून, भ्रमणध्वनीवर माल पाठविण्याची घाई करीत माणूस आत जातो. डॉक्टरांना पाहताच काहींचा दाब वर जातो आणि घरी येताच उतरतो. याच्या उलट प्रकार अधिक घातक होय. रविवारी दुकान बंद ठेवून निवांत मनाने दवाखान्यात गेलेल्याचा आकडा उत्तम येतो. तोच माणूस सोमवारी सायंकाळी, वसुली अडकलेली आणि विवरणपत्राची तारीख डोक्यावर असताना, कितीतरी वरच्या आकड्यावर वावरत असतो. हा लपलेला रक्तदाब घरच्या मोजणीवाचून सहसा हाती लागत नाही.

मोजण्याची मूळ कल्पना जुनी आहे. इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधावयाचा फुगणारा पट्टा पुढे आणला आणि १९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखालच्या धमनीतील आवाज ऐकून वरचा व खालचा आकडा ठरविण्याची रीत सांगितली. डॉक्टर नळी कानाला लावून ऐकतात ते हेच आवाज. घरच्या यंत्रास कान नाहीत. ते पट्ट्यात उमटणाऱ्या धमनीच्या लहानशा कंपनांवरून हिशेब करते. म्हणूनच हात हलला, माणूस बोलला किंवा नाडीचे ठोके फार अनियमित असले, तर त्याचा हिशेब चुकतो. नाडी सतत अनियमित असणाऱ्यांनी घरच्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

यंत्र दंडावर बांधावयाचे घ्यावे. मनगटाचे यंत्र सोयीचे दिसते, पण हाताची जागा थोडी चुकली तरी आकडा बदलतो. खरेदीपूर्वी दंडाचा मध्यावरील घेर टेपने मोजावा. कापडाच्या दुकानात टेप शोधावी लागत नाही. पट्ट्यावर तो किती सेंटिमीटर घेरासाठी आहे हे छापलेले असते. जाड दंडास आखूड पट्टा बांधला तर दाब नसताना दाब दिसतो, आणि मग नसत्या गोळ्या सुरू होतात. नवे यंत्र एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे, आणि पुढे वर्षातून एकदा तरी तसे करावे. दुकानातला काटा जो दरवर्षी न चुकता तपासून घेतो, त्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

मोजण्यास सकाळची वेळ उत्तम. शौचविधी आटोपलेला असावा, चहा व गोळी दोन्ही घेतलेली नसावी. ज्या घरात सामायिकाचा परिपाठ आहे तेथे पाच मिनिटे शांत बसण्याची अट आपोआप पूर्ण होते. सामायिक पूर्ण झाल्यावर यंत्र हाती घ्यावे. फरक एवढाच की आसनावर मांडी घालून बसलेल्याने उठून खुर्चीत बसावे, पाठ टेकावी, दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवावीत. पायावर पाय नको. हात टेबलावर असा टेकवावा की पट्टा हृदयाच्या पातळीवर येईल. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी आकडा सात-आठने वाढतो. बाही गुंडाळून वर सारली आणि ती दंडाला करकचून बसली, तर सदरा काढणेच बरे. मोजताना घरातील कोणी ‘किती आला?’ असे विचारू नये आणि मोजणाऱ्याने उत्तर देऊ नये.

एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे. सायंकाळी पुन्हा तसेच दोनदा. दुकान बंद करून रात्री परतणाऱ्याने घरी आल्याबरोबर नव्हे, थोडे स्थिरावल्यावर मोजावे. प्रथमच मोजताना दोन्ही हातांचा आकडा घ्यावा, ज्या हाताचा अधिक येईल तोच पुढे कायम ठेवावा, आणि दोहोंत वारंवार दहाहून अधिक अंतर दिसले तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

असे सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत, कारण तो दिवस कुतूहलाचा व धास्तीचा असतो. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे राहतात. वरच्या आकड्यांची बेरीज करून चोवीसने भागावे, खालच्यांचीही तशीच. जी सरासरी येईल तो त्या माणसाचा घरचा रक्तदाब. दवाखान्यात १४०/९० ही सामान्यतः सीमा मानली जाते, घरी ती १३५/८५ धरतात. एका दिवशी १५२ आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही आणि एका दिवशी ११८ आला म्हणून निश्चिंत होण्याचेही नाही. एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा कोणी काढत नाही.

नोंद करताना आकडा जसा आला तसाच लिहावा. १३७ चे १३० करण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि वाईट आलेला आकडा ‘यंत्र चुकले’ म्हणून गाळण्याचा त्याहून अधिक. घरात यंत्र एकच असेल तर प्रत्येकाची वही स्वतंत्र हवी. यंत्राच्या स्मरणात सासरे, सून आणि पाहुणे यांचे आकडे एकत्र मिसळतात आणि महिनाभराने ते कोणाचे, हे कोणास सांगता येत नाही.

सून आणि सासूबाई यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. घरात यंत्र येते ते बहुधा कर्त्या पुरुषासाठी. अठ्ठाई, वर्षीतप आणि एकाशने यांत घरातील स्त्रिया कित्येकदा पुढे असतात, तरी पट्टा त्यांच्या दंडाला क्वचितच लागतो. गर्भवतीच्या बाबतीत तर वाढलेला आकडा दुसऱ्या दिवसावर टाकण्याजोगा नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आता मिठाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमच्याहूनही कमी मीठ सांगितले आहे. जैन स्वयंपाक सात्त्विक असला तरी अळणी नसतो. पर्वतिथीस हिरवी भाजी वर्ज्य झाली की ताटात डाळी येतात, आणि त्यांच्या जोडीला पापड, सांडगे, लोणचे, खाखरा, शेव. लसूण न घातलेली शेंगा चटणीही मिठावाचून होत नाही. भाजीतून मिळणारे पोटॅशियम त्या दिवशी घटते आणि मीठ मात्र वाढते. तिथी पाळण्यात बाधा आणण्याचे कारण नाही. पापड व लोणचे यांपैकी एक उचलले तरी बराच फरक पडतो. सैंधव घेतले की मिठाचा प्रश्न मिटला असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की सैंधव हेही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड आहे.

चौविहार पाळणाऱ्यांचा प्रश्न गोळीच्या वेळेचा असतो. सोलापुरात जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आधी. ‘रात्री झोपताना’ असे लिहिलेली गोळी घेणे अशा घरात शक्यच नसते, आणि हे डॉक्टरांना सांगण्याचा संकोच झाला की ती गोळी कागदावरच राहते. वही दाखविताना हेही सांगावे. दिवसातून एकदा घ्यावयाच्या पुष्कळ गोळ्या सकाळी नवकारसीनंतर घेता येतात. सायंकाळची गोळी अपरिहार्यच असेल तर ती सूर्यास्तापूर्वी दुकानात येणाऱ्या डब्यात ठेवता येते. वेळेचा बदल मात्र डॉक्टरांनी करावा.

याहून गंभीर प्रश्न तपश्चर्येच्या काळातला. पर्युषणात अथवा दशलक्षणात उपवास सुरू होतो आणि त्याबरोबर गोळीही परस्पर बंद होते. कोणी उलट करतो. अन्नपाणी घटलेले असताना लघवी वाढविणारी गोळी नेहमीच्या मात्रेने चालू ठेवतो. दोहोंत धोका आहे. काही गोळ्या एकाएकी थांबविल्या तर दाब उसळी घेतो, आणि दुसऱ्या प्रकारात तो इतका उतरतो की पहाटे उठताना तोल जातो व मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात मधुमेहाचे औषध असेल तर साखर घसरण्याची भीती वेगळी. म्हणून सात दिवसांची वही श्रावणाच्या आरंभीच घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि कोणता तप, किती दिवसांचा, पाणी किती, हे स्पष्ट सांगावे. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार जडला असेल, तर दीर्घ उपवास करू नये असेही ते सांगतील आणि ते ऐकावे. उपवास चालू असता सकाळच्या मोजणीनंतर एक-दोन मिनिटे उभे राहून पुन्हा मोजावे. वरचा आकडा वीस किंवा अधिकने उतरत असेल, अथवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी कळवावे.

यात धर्माला बाध येतो असे मानणाऱ्यांनी शास्त्राकडेच पाहावे. षोडशकारण भावनांत तप व त्याग शक्तीनुसार सांगितले आहेत. पच्चक्खाणाच्या पाठात आगार, म्हणजे सवलती, आधीच घातलेल्या असतात, आणि तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याची मुभा त्यांपैकी एक आहे. गुरुमहाराजांपुढे व्याधी न लपविता सांगितली तर तेही शक्तीप्रमाणेच पच्चक्खाण देतात. लपविली जाते ती बहुधा पारण्याच्या निमंत्रणपत्रिका छापून झाल्यामुळे.

सोलापूरचा उन्हाळाही वहीत उमटतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की घामाने पाणी व क्षार जातात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि हिवाळ्यात नेमकी बसलेली मात्रा जड होऊ शकते. चक्कर येऊ लागली की ‘बरे झाले, दाब गेला’ म्हणून गोळी टाकून देणारे पुष्कळ आहेत. दिवाळीनंतर थंडी पडताच तोच दाब परत येतो. आकडा चांगला आहे तो गोळीमुळे. मात्रा कमी करता येते, पण वही पाहून आणि डॉक्टरांच्या हातून.

औषधाचा खर्च जड होत असेल, तर शासकीय आरोग्य केंद्रांतून या गोळ्या विनामूल्य मिळतात. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस आरंभ झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली औषधयोजना आणि प्रत्येक भेटीतील आकड्याची नोंद, यांवरच त्याची उभारणी झाली. पेढीवरील दिवाणजी, हमाल आणि घरकामास येणाऱ्या बाई यांनाही हे सांगता येईल, आणि घरचे यंत्र त्यांच्या दंडालाही बांधता येईल.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तेवढाच राहिला आणि अन्य त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे यांपैकी काहीही झाले तर पुन्हा मोजत बसू नये, आकडा कितीही असो. १०८ ला दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे. घरातील दुसऱ्याची गोळी देऊ नये, दुप्पट मात्रा देऊ नये, जिभेखाली काही ठेवू नये. जाताना वही बरोबर न्यावी, आणि चालू गोळ्यांची पाकिटेही.