वीज वाटेत कुठे मुरते?

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई म्हटले की व्यापारी मंडळींना प्रथम आठवतो तो तेथील हिरव्या मिरचीचा बाजार. मिरची हा नाशवंत माल. दिवसा तोडणी, मग खरेदी आणि भराई, त्यानंतर रात्रीचा प्रवास, हा या व्यापाराचा स्वाभाविक क्रम होय. परपेठेत माल ताजा उतरला तरच भाव मिळतो. म्हणजे या धंद्याचा मोठा भाग अंधारात, वाहनाच्या दोन दिव्यांच्या भरवशावर चालतो. आपण वजन, भाडे, हमाली आणि बारदाना यांची बारकाईने चौकशी करतो. त्या दोन दिव्यांची मात्र क्वचितच.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकतो. अडथळा दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद सरतो. भरलेली गाडी थांबायला त्यापुढे आणखी अंतर लागते. पावसाळ्यात डांबरावर बसलेली जनावरे, मागे दिवा नसलेली ट्रॉली, काळी घोंगडी पांघरून चाललेला वाटसरू, हे सारे त्या अंतराच्या पलीकडे असतानाच दिसले तरच वाचतात.

‘दिवे मंद आहेत’ अशी चालकाची तक्रार आली की अनेक मालक अधिक वॅटचे बल्ब आणून बसवतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. त्याच बारीक तारेतून अधिक प्रवाह जातो, तार तापते, होल्डर वितळतो आणि प्रसंगी आग लागते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही.

खरे दुखणे बहुधा बल्बात नसते, वाटेत असते. बहुतेक मोठ्या ट्रकांची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर सुमारे २८ व्होल्ट मिळतात. जुन्या बांधणीच्या अनेक गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह कॅबिनमधील स्विचपर्यंत येऊन तेथून पुन्हा पुढे जातो. लांब तार, झिजलेला स्विच, गंजलेले जोड आणि चासीसवरचे कच्चे अर्थिंग या प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट मुरतात. तिजोरीतून रक्कम पूर्ण निघावी आणि खातेदाराच्या हाती अपुरी पडावी, तसा हा प्रकार आहे. त्यातून हॅलोजन बल्बचा हिशेब सरळ व्याजाचा नाही. व्होल्ट १० टक्के घटले, तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. २८ पैकी २५ व्होल्ट पोहोचत असतील, तर जवळजवळ तेवढा उजेड आपण रोज रात्री गमावत असतो.

म्हणून खर्चाआधी मोजमाप करावे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरने प्रथम बॅटरीच्या टोकांवर आणि मग प्रत्येक बल्बच्या होल्डरमागे व्होल्ट मोजावेत. एक व्होल्टहून अधिक तफावत आढळली, तर वायरिंगकडे लक्ष द्यायला हवे. आधी जोड साफ करून अर्थिंग पक्के करावे. एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

तफावत राहिलीच तर रिले बसवावा. रिले लावल्यावर जुना स्विच केवळ हुकूम देतो. प्रत्यक्ष प्रवाह बॅटरीकडून जाड तांब्याच्या तारेने थेट दिव्याकडे जातो. अप्पर आणि डिपर यांसाठी वेगवेगळे रिले असावेत. बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. त्याशिवाय हे काम धोक्याचे आहे. डाव्या आणि उजव्या दिव्याला स्वतंत्र फ्यूज असला, तर एक उडाला तरी रस्ता पूर्ण काळोखात बुडत नाही. रिले २४ व्होल्टचाच घ्यावा. छोट्या पिकअप गाड्यांसाठी १२ व्होल्टचा. बल्बचे वॅट मात्र मूळचेच ठेवावेत. अलीकडच्या अनेक गाड्यांत रिले मूळचाच असतो आणि दिव्यांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे नियंत्रण असते. अशा गाडीची तार कापू नये. काम अधिकृत कार्यशाळेतच करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. मागे माल भरला की गाडीचे नाक किंचित वर उचलले जाते आणि उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे सपाट जागी, भिंतीसमोर, भरलेल्या अवस्थेत दिव्यांची दिशा तपासून घ्यावी. पिवळट पडलेली काचही तेव्हाच पाहावी.

हा सारा खर्च एका खेपेच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. तो होत नाही, कारण अंधारात बसतो तो चालक आणि पैसे मंजूर करतो तो मालक. बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे हाताळताना मी तारण, विमा आणि हप्ते यांची कागदपत्रे पाहिली. दिव्यांचा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता. तो आपण आपल्या वहीत आखू शकतो: तारीख, बॅटरीचे व्होल्ट, डाव्या दिव्याचे व्होल्ट, उजव्या दिव्याचे व्होल्ट. दर तीन महिन्यांनी या चार नोंदी कराव्यात. मालाचे नुकसान विमा भरून देईल. गाडीतल्या माणसाच्या आणि रस्त्यावरच्या जिवाच्या बाबतीत तशी भरपाई नसते.