जुनी पिकअप मोडीत घालावी कीं उभी करावी?

जळगांव जिल्ह्यांतील रावेर, यावल, चोपडा व धुळें जिल्ह्यांतील शिरपूर, साक्री या तालुक्यांतून हिंडतांना एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. खळ्याच्या कडेला निंबाखालीं एखादी जुनी पिकअप उभी असते. चाकांतील हवा गेलेली, हौद्यांत कडबा भरलेला आणि टपावर कोंबड्या बसलेल्या. मालकास विचारावें तर उत्तर ठरलेलें: "इंजिन चांगलें आहे हो, पण चढावर ओढत नाहीं." अशी गाडी भंगारवाल्यास द्यावी, कर्ज काढून नवी घ्यावी, कीं हिच्यावरच खर्च करावा, हा प्रश्न सभासद आम्हांस वारंवार विचारतात. प्रत्येकास निराळें उत्तर देण्यापेक्षां आमचें मत येथें एकदांच मांडणें बरें. तें थोडक्यांत असें: चॅसी शाबूत असेल तर गाडी उभी करावी, परंतु आरंभ रंगापासून न करतां क्लच व गिअरबॉक्स यांपासून करावा, आणि अधिक ताकदीच्या मोहास बळी पडूं नये.

वाहन ही आमच्या भागांत चैनीची वस्तु नव्हे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत जीप जोडण्यास आरंभ केला. १९८६ सालीं टाटांची ४०७ आली. २००५ सालीं लोक जिला छोटा हत्ती म्हणतात ती टाटा एस आली. बैलगाडींतून स्टेशनावर जाणारे केळीचे घड हळूहळू अशा गाड्यांवर चढले. जळगांवच्या केळ्यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, व २०२१ च्या जूनमध्यें रावेर तालुक्यांतील तांदलवाडीहून बावीस टन केळीं दुबईस रवाना झालीं. हा मान टिकावयाचा तर सालीवर डाग पडतां उपयोगी नाहीं. घड कापला कीं घड्याळ सुरू होतें. वैशाख वणव्यांत भरलेली गाडी तीन तास वाटेंत अडली, तर वर्षभराच्या मेहनतीचा भाव तेथेंच उतरतो. म्हणून क्लचचा प्रश्न हा केवळ मेस्त्रीचा नसून शेतकऱ्याच्या पदरीं पडणाऱ्या दामाचा आहे.

आतां क्लच आमच्याकडेच इतका लवकर कां जातो, तें पाहूं. इंजिनाच्या मागें फ्लायव्हील म्हणून जड चाक असतें. त्याच्या व प्रेशर प्लेटच्या मध्यें दोन्ही बाजूंस अस्तर लावलेली क्लच प्लेट दाबून धरलेली असते. ही पकड किती ओढ सांभाळील, हें मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतें: स्प्रिंगचा दाब, अस्तराचें घर्षण आणि प्लेटचा व्यास. पाय अर्धवट दाबून ठेवला कीं प्लेट धड सुटत नाहीं व धड धरत नाहीं. ती घासते, तापते आणि जळते. खान्देशच्या काळ्या जमिनींत पाऊस पडल्यावर भरलेली गाडी शेतांतून बाहेर काढावयाची म्हणजे हें घासणें आलेंच. त्यांत पाणंद रस्ता खोल चाकोऱ्यांचा, नाल्याचा चढ उभा, आणि हौद्यांत ठरल्या वजनाच्या दीडपट माल. पुढें शिरपूरकडून सेंधव्यास जातांना बिजासनचा घाट आहे; चाळीसगांवकडून कन्नडला चढतांना औट्रम घाट आहे; साक्रीकडून नवापुरास जातांना कोंडाईबारी आहे. जी प्लेट सपाटीवर पुष्कळ वर्षें चालली असती, ती येथें दोन हंगामांत संपते, यांत नवल नाहीं.

आमचा स्वतःचा अनुभव सांगितल्यावांचून हा उपदेश पोकळ ठरेल. आमची जुनी पिकअप आम्हीं एका तालुक्याच्या गांवीं दुरुस्तीस दिली. प्रथम पत्रा ठोकून घेतला, रंग दिला, नवी बैठक शिवून घेतली. पैसे संपत आले तेव्हां क्लचची केवळ प्लेट बदलली. फ्लायव्हील तसेंच, रिलीज बेअरिंग तसेंच, आणि मागील सीलमधून तेल झिरपत होतें तेंहि तसेंच. गाडी दिसावयास नवरदेवासारखी झाली. तीन आठवड्यांनीं केळीची भरती घेऊन निघालों, तों गांवाबाहेरच्या नाल्याच्या चढावर इंजिन ओरडूं लागलें व गाडी मात्र मागें सरूं लागली. दगड लावून ती थांबविली. दुसरी गाडी येऊन माल पालटीपर्यंत दुपार झाली. दोनदां उचलल्यानें घड घासले, आणि व्यापाऱ्यानें भाव पाडला. त्याच्याशीं भांडण्यास आमच्यापाशीं तोंड नव्हतें. पुढें एका म्हाताऱ्या मेस्त्रीनें गिअरबॉक्स उतरविला व तेलानें चोपडलेली नवी प्लेट आमच्या हातांत ठेवून म्हटलें, "नाना, तुम्ही गाडीला नवें धोतर नेसवलंत, पण गुडघा तसाच ठेवलात." हें वाक्य आम्ही विसरलों नाहीं, व वाचकांनींहि विसरूं नये.

तेव्हां क्रम असा असावा. प्रथम गाडी खालून पाहावी. चॅसीस पाटे जेथें अडकतात तेथें चीर किंवा खोल गंज असेल, तर मोह सोडावा. अशी गाडी मोडीतच जावी. चॅसी चांगली निघाली तर ब्रेक व स्टिअरिंग पाहावें, कारण न चढणारी गाडी नुकसान करते, पण न थांबणारी जीव घेते. त्यानंतर इंजिनाचें कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. मग क्लच. तो सरकतो कीं नाहीं याची साधी परीक्षा आहे: मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू वेगांत वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा, इंजिनाचा आवाज चढला व वेग तसाच राहिला, तर क्लच सरकतो आहे असें समजावें.

गिअरबॉक्स उतरविणें हेंच खरें कष्टाचें व मजुरीचें काम आहे. तो एकदां उतरला कीं प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग हीं तिन्ही एकदमच बदलावीं. पायलट बेअरिंग तपासावें. इंजिनाचें मागील सील व गिअरबॉक्सचें पुढील सील नवें घालावें. फ्लायव्हील निळें पडलें असेल किंवा त्यावर बारीक तडे असतील, तर तें जाणत्या लेथवाल्याकडून साफ करून घ्यावें. तडे खोल असतील तर बदलावें. दोनशें रुपयांचें सील वांचविण्यासाठीं हजारों रुपयांची प्लेट तेलांत बुडविणें हा काटकसरीचा प्रकार नव्हे. नवी प्लेट बसल्यावर पहिले कांहीं दिवस ओझें कमी ठेवावें, म्हणजे अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसतें.

येथें सुधारणेचा प्रश्न येतो. कित्येक तरुण सभासद म्हणतात कीं, मूळचा क्लच नको, शर्यतीच्या गाड्यांत असतो तसला कडक क्लच घालूं. आमचा यास विरोध आहे. धातुमिश्रित अस्तराची प्लेट एकदम धरते; तो धक्का क्लच सोसतो, परंतु गिअरचे दांते, जॉइंट क्रॉस व क्राऊन पिनियन यांस तो सोसावा लागतो. साखळींत सर्वांत दुबळी कडी क्लच असणें हें एक प्रकारें सोयीचेंच आहे, कारण तीच सर्वांत स्वस्तांत बदलतां येते. मजबुती हवीच असेल, तर त्याच कंपनीच्या अधिक वजनाच्या नमुन्यांतील मोठ्या व्यासाचा क्लच बसतो काय, तें पाहावें. व्यास वाढला म्हणजे पायावर फारसें ओझें न येतां पकड वाढते.

गिअरबॉक्सविषयींहि तेंच. जुन्या जीपचा गिअरबॉक्स तीन गतींचा होता व त्याच्या पहिल्या गतीस सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडींत पहिला टाकावयाचा तर कसब लागे, नाहींतर दांते बोलूं लागत. पहिल्या गतीचें प्रमाण सुमारें २.८ व मागील धुऱ्याचें ५.३८, म्हणजे चाक एकदां फिरण्यास इंजिन सुमारें पंधरा वेळां फिरे. पांच गतींचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स घालणें ही खरी सुधारणा आहे; परंतु तो घेतांना पांचव्या गतीकडे न पाहतां पहिलीकडे पाहावें. शेतकऱ्यास महामार्गावर धांवावयाचें नसून चिखलांतून निघावयाचें आहे. पहिली जितकी जड ओढणारी, तितका क्लच कमी घासेल. बसविण्यापूर्वीं चार मापें जुळवावीं: बेलहाउसिंगचीं भोकें, शाफ्टच्या खांचा व लांबी, खालील आडव्या पट्टीवरील बैठक आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी. क्लच प्लेटच्या खांचा नव्या शाफ्टच्या असल्या पाहिजेत, हें विसरून पुष्कळांनीं दोनदां खर्च केला आहे. तेलहि सांगितलेलेंच घालावें. मागील धुऱ्यासाठीं असलेल्या कांहीं तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळी सिंक्रो रिंगा खातात.

कायद्याचीहि आठवण ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ गाडीच्या नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई करतें, व सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तेंच ठासून सांगितलें आहे. झिजलेल्या भागाच्या जागीं त्याच जातीचा भाग घालणें निराळें आणि इंजिन बदलणें किंवा हौदा वाढविणें निराळें. दुसऱ्या प्रकारास परिवहन कार्यालयाची आगाऊ लेखी परवानगी लागते. शंका असेल तेथें आधीं विचारावें. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम हेंच पाहते.

आमच्या मताविरुद्ध बोलण्यासारखें पुष्कळ आहे, हें आम्ही जाणतों. नवी गाडी कमी तेल पिते, तिचे ब्रेक चांगले असतात, आणि पंधरा वर्षांपलीकडील गाडीच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून वाढलेली आहे. जो रोज भाड्यानें गाडी चालवितो, त्यानें नवीच घ्यावी. परंतु आमचा बहुसंख्य सभासद पांच-सात एकरांचा धनी आहे; त्याची गाडी वर्षांतून चाळीस-पन्नास दिवस खरी राबते. बाकीचे दिवस ती उभी असते, पण कर्जाचें व्याज मात्र उभें राहत नाहीं. कपाशीचा भाव पडो कीं केळीवर करपा येवो, हप्त्याची तारीख तीच. अशा मनुष्यास जुनी पण धड गाडी हें एक संरक्षण आहे.

शेवटीं एक सूचना. गिअरबॉक्स उतरविण्याचा जॅक, बेअरिंग ओढण्याचा पुलर, क्लच मध्यावर बसविण्याचें साधन व मापें घेण्याचीं उपकरणें एकेकट्या शेतकऱ्यानें घेणें परवडत नाहीं. संघानें घेतल्यास शंभर जणांस पुरतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून बाहेर पडणाऱ्या आपल्याच गांवच्या मुलांस हंगामापूर्वीं महिनाभर या कामास लावावें. त्यांस मजुरी मिळेल व आपल्यास भरंवशाचा हात मिळेल. आणि ज्या नाल्याच्या चढावर दरसाल गाड्या अडतात, तेथें चार ट्रॉल्या मुरूम टाकण्याचें काम तरी यंदां पावसापूर्वीं व्हावें. त्या मुरुमाचा खर्च एका क्लचहून फार नाहीं, आणि तो एका गाडीचा नव्हे तर साऱ्या शिवाराचा क्लच वांचवील. पुढील सभेंत हा विषय सभासदांनीं अवश्य काढावा.