सीमेवरचा पहिला पहारेकरी

5 ऑगस्ट 1965. काश्मीरमध्ये टंगमर्गच्या वरच्या कुरणात मोहम्मद दीन नावाचा एक तरुण गुज्जर गुरं चारत होता. हिरव्या सलवार-कमीजमधली काही अनोळखी हत्यारबंद माणसं त्याच्यापाशी आली. पैसे देऊ केले आणि आसपासची माहिती विचारू लागली. मोहम्मद दीनने तिथून निसटून थेट टंगमर्गचं पोलीस ठाणं गाठलं. पाकिस्तानच्या 'ऑपरेशन जिब्राल्टर'ची सुरुवातीची खबर भारताला मिळाली ती अशी.

1971च्या डिसेंबरात पूंछमधल्या माली बी या गुज्जर बाईने पाकिस्तानी सैनिक पाहिले आणि धावत जाऊन आपल्या फौजेला कळवलं. पुढे तिला पद्मश्री मिळाली. 1999च्या मे महिन्यात बटालिकजवळच्या गारखोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधायला डोंगरात गेले आणि त्यांना घुसखोर दिसले. कारगिलची खबर त्यांनी आणली.

दोन मुसलमान, एक बौद्ध. वर्दी एकाच्याही अंगावर नव्हती. आमच्याकडे देशभक्तीचा दाखला मागणारे भेटले की आम्ही मुसलमान ही नावं पुढे करतो. आज मात्र मला ती दुसऱ्याच कारणासाठी आठवली. मोहम्मद दीन ठाण्यात गेला, कारण तिथे आपलं ऐकून घेतलं जाईल असं त्याला वाटलं. त्याआधी त्याच ठाण्यात त्याने विनाकारण मार खाल्ला असता, तर तो गेला असता का?

सीमा सुरक्षा दलाचा, म्हणजे बीएसएफचा, सगळा प्रश्न माझ्या मते या एका ओळीत येतो.

तोपर्यंत पाकिस्तानला लागून असलेली सीमा त्या त्या राज्यांचे सशस्त्र पोलीस सांभाळत. एप्रिल 1965मध्ये कच्छमध्ये हल्ला झाला आणि ही व्यवस्था अपुरी असल्याचं उघड झालं. त्या वर्षाच्या 1 डिसेंबरला बीएसएफची स्थापना झाली. ते दल उभं केलं के. एफ. रुस्तमजी यांनी. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा, घर पारशी, नोकरीची सुरुवात जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पोलिसात. म्हणजे आपल्याच मुलखातला माणूस.

शांततेच्या काळात या दलाने करायच्या कामांची यादी आहे. तस्करी रोखणं, बेकायदा ये-जा थांबवणं ही कामं त्यात आहेतच. पण सीमाभागात राहणाऱ्या लोकांच्या मनात सुरक्षिततेची भावना निर्माण करणं हेही त्यातच लिहिलेलं आहे. 1962च्या पराभवानंतर आणखी एक संघटना निघाली होती, आजचं सशस्त्र सीमा बल. 1963मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं मुख्य काम तारेवर पहारा देण्याचं नव्हतंच. दुर्गम सीमेवरच्या गावांत मिसळायचं आणि लोकांचं मनोबल टिकवायचं, हे तिचं काम होतं. सीमा राखायची तर आधी सीमेवरचा माणूस राखायला हवा, हे सरकारला तेव्हाच कळलं होतं.

आजही ही दलं गावांत आरोग्य शिबिरं भरवतात, शाळांना साहित्य देतात, तरुणांना खेळाचं सामान वाटतात. आपल्याकडे गडचिरोलीत पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' सुरू केली. छत्तीसगड आणि तेलंगणाला लागून असलेल्या त्या जिल्ह्यात तहसील गाठायला दिवस मोडतो. तिथे पोलीस मदत केंद्रातच जातीचा दाखला, आधार, सरकारी योजनांचे अर्ज अशी कामं होऊ लागली. याची मी थट्टा करणार नाही. ज्याचा दाखला अडला आहे त्याला त्याची किंमत विचारा.

पण मदत आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांगलादेश सीमेवर कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेच्या सुमारे दीडशे यार्ड आत आहे. त्यामुळे अनेक शेतकऱ्यांची शेतं आणि काहींची घरंसुद्धा कुंपणापलीकडे राहिली. फाटक ठरलेल्या वेळीच उघडतं. आत-बाहेर जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. रात्री बाळंतीण अडली, तर ते फाटक उघडेल का, हा तिथल्या माणसाचा खरा प्रश्न असतो. वर्षातून एकदा मिळालेल्या गोळ्यांच्या पाकिटाने तो सुटत नाही.

जवानाची बाजूही खरी आहे. सुंदरबनच्या खाड्या, कच्छचं रण, रात्रभराची गस्त. तस्करांच्या टोळ्या आहेत आणि त्यांच्या हल्ल्यांत जवान जखमी होतात, मरतात. पण म्हणून प्रत्येक गावकरी संशयित ठरत नाही. 7 जानेवारी 2011ला कुंपण ओलांडताना फेलानी खातून ही पंधरा वर्षांची बांगलादेशी मुलगी गोळी लागून तारेवर लटकून राहिली. खटला बीएसएफच्याच अंतर्गत न्यायालयात चालला आणि जवान निर्दोष सुटला. निकाल बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवू. पण ज्या दलावर आरोप, त्याच दलाने निवाडा केला, तर कोणत्या गावाचा त्यावर विश्वास बसेल?

इथे पुन्हा रुस्तमजी आठवतात. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले. खटलाच न चालवता वर्षानुवर्षं कोंडलेल्या माणसांबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. त्या लेखनातून 1979चा हुसैनारा खातून खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला आणि हजारो कच्चे कैदी सुटले. ज्याने सीमेवर बंदूक उभी केली, त्यानेच व्यवस्थेविरुद्धची तक्रार व्यवस्थेबाहेर, लोकांसमोर नेली. या दोन कामांत त्याला विसंगती वाटली नाही.

आता कुणी म्हणेल, संभाजीनगरात बसून तुम्हाला सीमेची एवढी काळजी कशाला? तर सीमा आता आमच्या गल्लीपर्यंत आली आहे. जून 2025मध्ये मुंबई-ठाणे परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे कागद बंगाल सरकारने पुढे केले, तेव्हा त्यांना परत आणावं लागलं. त्या दिवसांत आमच्या भागातल्या एका बांधकामावरचा मालद्याचा गवंडी मला म्हणाला, "चाचा, जेब में कौनसा कागज रखूं?" मी आधार म्हणालो. तो हसला. पकडल्या गेलेल्यांकडेही आधार होतं, हे त्याने ऐकलं होतं. माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं उत्तर नव्हतं.

त्या गवंड्याचं गाव सीमेजवळ आहे. त्याचा भाऊ तिथे शेती करतो. उद्या त्या भावाला रात्री शेतात अनोळखी माणसं दिसली, तर तो चौकीवर जाईल की दार लावून गप्प बसेल?

मागण्या साध्या आहेत. फाटकाच्या वेळा पंचायतीला विचारून ठरवाव्यात आणि आजारी माणसासाठी ते रात्रीही उघडावं. दलाविरुद्धची तक्रार दलाबाहेरच्या यंत्रणेने तपासावी. आणि कुणालाही सीमेपार धाडण्याआधी त्याला न्यायाधीशासमोर उभं करावं, त्याच्या जिल्ह्यातून खात्री करून घ्यावी. यातलं काहीच सीमेला कमकुवत करणारं नाही. कुंपण कितीही उंच असलं तरी ते बोलत नाही. मोहम्मद दीन बोलला होता. पुढचा मोहम्मद दीन गप्प बसला, तर ते नुकसान एकट्या मुसलमानांचं नसेल.