गंगाजी नाइकांचे श्रेय

ठाण्याच्या इतिहासावर बोलणारे पुष्कळजण अंजूरच्या गंगाजी नाइकांना एका वाक्यात उरकतात: चिमाजी अप्पांच्या फौजेला त्यांनी वाट दाखवली. पोर्तुगीजांवरची ठाण्याची मोहीम पुण्यात ठरली, पुण्याच्या फौजेने जिंकली, स्थानिकांनी फक्त खाडी दाखवली, असा त्याचा अर्थ. हे मत मला मुळीच मान्य नाही.

ओहोटीच्या वेळी कळव्याच्या खाडीकाठी उभे राहून पाहावे. पाणी मागे सरते आणि तिवरांपुढे गुडघाभर रुतवणारा काळा चिखल उघडा पडतो. वेळ चुकली की होडी त्यातच बसते. पलीकडे ठाणे, साष्टी बेटाचे दार. 1737 मध्ये फिरंग्यांचा तिथला किल्ला अजून अर्धवट होता. तो पुरा होण्याआधी घाला घालायचा होता, आणि तोही रात्री. घाटावरची फौज कितीही शूर असो, भरती केव्हा, होड्या कुणाच्या, बेटावरची कोणती माणसे ऐनवेळी पाठीशी उभी राहतील, हे तिला कोण सांगणार? धर्मच्छळाने पोळलेल्या नाइकांनी भावांसह वर्षानुवर्षे ही जुळणी केली, पेशव्यांकडे खेटे घातले. लढाईची गरज ज्याने आधी ओळखली, त्याला वाटाड्या म्हणणे हा अन्याय आहे.

या मोहिमेची हकीगत सांगणारी साष्टीची बखर नाइकांच्या बाजूने लिहिलेली आहे, हा आक्षेप खरा आहे. तिच्यातले दृष्टान्त आणि संवाद खुशाल बाजूला ठेवा. बखरकार श्रेय वाढवू शकतो, खाडीची भरती-ओहोटी त्याने रचलेली नाही. ती जाणणाऱ्या माणसांवाचून ठाणे पडले नसते, आणि ठाण्यावाचून 1739 मध्ये वसईही पडली नसती.

गंगाजींसारखा सरहद्दीवरचा लढवय्या रहिवासी म्हटले की जगाला अमेरिकेचा डॅनियल बून आठवतो. 1775 मध्ये केंटकीत त्याने बूनस्बरो वसवले. धाडस दोघांचेही मोठे. पण बून शॉनी लोकांच्या शिकारीच्या रानात घरे उभारायला गेला. गंगाजी लढले ते बापजाद्यांच्या मुलखात आपले देव उघडपणे पुजता यावेत म्हणून. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

ठाण्याचा तो किल्ला आज कारागृह आहे. अंजूरला नाइकांचा वाडा आहे. कळव्या-ठाण्याच्या शाळांनी चिमाजी अप्पा शिकवताना मुलांना तिथे न्यावे, आणि गंगाजींचे नाव मोहिमेच्या आरंभी सांगावे.