घिसाडघाई कोणाची?

मराठी भाषेंत 'घिसाडघाई' असा एक शब्द आहे. विचार न करतां, ओबडधोबडपणें उरकलेल्या कामाला आपण तो लावतों. विद्यार्थ्याचा निबंध, सरकारचा एखादा वटहुकूम, नवशिक्या कवीचा संग्रह, सगळ्यांना तो चालतो. हा शब्द उच्चारतांना आपण एका जमातीचें नांव घेऊन तिच्या धंद्यावर शेरा मारीत आहों, याची जाणीव मात्र शंभरांत एकालाही नसते. घिसाडी म्हणजे गांवोगांव हिंडून, रस्त्याच्या कडेला पाल ठोकून, विळे, खुरपीं, कुऱ्हाडी आणि कोयते घडविणारा फिरता लोहार. त्याच्या कामांत विचार नसतो, असें आपल्या कोशांनीं ठरवून टाकलें आणि आपण तें मुकाट्यानें मानलें. माझें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. या प्रकरणांत घाई झाली ती घिसाड्याची नव्हे. न पाहतां, न तपासतां निकाल देणाऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गाची झाली.

नांदेडहून लोहा-कंधारकडे किंवा लातूरहून औशाकडे जाणाऱ्या वाचकानें वाटेवरील एखाद्या पालापाशीं पांच मिनिटें थांबून पाहावें. जमिनींत खणलेली लहानशी भट्टी, तिला वारा घालणारा भाता किंवा हातानें फिरविण्याचा पंखा, मातींत रोवलेली ऐरण, आणि घण उचलणारी बहुधा घरांतली स्त्री. नवरा सांडशींत तापलेलें लोखंड धरतो, लहान हातोडीनें जागा दाखवितो आणि बायको त्याच जागेवर घण घालते. लोखंड कोणतें? मालमोटारीच्या कमानीचा मोडलेला पाटा, यंत्रांतून निघालेली बेअरिंगची कडी, झिजलेली कानस, भंगाराच्या दुकानांत वजनावर मिळालेला एखादा दांडा. कारखान्यानें टाकून दिलेल्या या वस्तूंतून जें निघतें त्यावर हजारों कुटुंबांचें पोट आहे. मराठवाड्यांतून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर मोजून देतो. माणसांची मोजदाद ज्या हत्याराच्या नांवानें होते, त्याची धार दुपारपर्यंत टिकते कीं नाहीं, हा प्रश्न क्षुल्लक कसा म्हणावा? ती टिकली नाहीं तर मजुराचा हात दुखतो आणि मजुरी बुडते.

यावर सभ्य गृहस्थांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: "भंगार तें भंगार, त्यांतून चांगलें हत्यार कसें निघणार?" हा आक्षेप पदार्थविज्ञानाचा नाहीं, तो सोंवळ्याओंवळ्याचा आहे. उष्टें अन्न जसें विटाळलेलें, तसें वापरलेलें लोखंड विटाळलेलें, असा त्यामागील समज असतो. पोलादाला असा विटाळ लागत नाहीं. मालमोटारीचा पाटा ज्या पोलादाचा करतात त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा ०.५ ते ०.६५ असतें, आणि जोडीला सिलिकॉन, मँगॅनीज किंवा क्रोमियम असतें. बेअरिंगच्या पोलादांत कर्ब शेंकडा १ आणि क्रोमियम सुमारें दीड असतें. चांगल्या कानशींत कर्ब शेंकडा एकाहूनही अधिक असतो. घरें बांधण्याच्या सळईंत तो जेमतेम पाव टक्क्याच्या आसपास भरतो. म्हणजे पेठेंतून नवी कोरी सळई आणून तिची सुरी केली तर ती नवी असूनही निकामी, आणि वीस वर्षें ओझीं वाहून मोडलेल्या पाट्याची केली तर ती जुनी असूनही उत्तम होण्याचा संभव. घिसाडी हें आंकडे जाणत नसेल. पण पाटा कशाला चालतो आणि सळई कशाला चालत नाहीं, हें तो जाणतो. आपल्यापैकीं किती पदवीधरांना एवढें तरी ठाऊक आहे?

शिवाय, निरनिराळ्या ठिकाणचें लोखंड एकत्र करून पाहणें ही कांहीं आजच्या गरिबीची युक्ति नाहीं. गोदावरीच्या कांठानें नांदेडहून खालीं उतरत गेलें म्हणजे निर्मळ आणि निजामाबाद यांचा टापू लागतो. नांदेड, लातूर आणि हा टापू १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांत होते. याच टापूंतील कोनासमुद्रम् या खेड्यांत मुशींत वितळवून जें पोलाद करीत, तें विकत घेण्यासाठीं इराणांतील इस्फाहानचे व्यापारी येत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं व्हॉयसी नांवाच्या इंग्रज संशोधकानें तेथील कृति पाहून लिहून ठेविली; ती १८३२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत स्पष्ट नोंद आहे कीं तेथील कारागीर दोन वेगवेगळ्या गांवांचें लोखंड ठराविक प्रमाणांत मिसळीत असत. जगाला भुरळ घालणारें दक्षिणेचें पोलाद मिश्रणाच्या प्रयोगांतून आलेलें होतें.

आणखी एक उदाहरण घ्या. १६२१ सालीं जालंदरच्या परिसरांत आकाशांतून अशनि पडला. जहांगीर बादशहानें तो मागवून घेतला आणि उस्ताद दाऊद नांवाच्या कारागिराला त्याचीं शस्त्रें करावयास सांगितलें. आकाशांतलें तें लोखंड घणाखालीं टिकेना, चुरा होऊं लागलें. तेव्हां दाऊदानें त्याचे तीन भाग आणि साध्या लोखंडाचा एक भाग असें मिश्रण करून दोन तरवारी, एक कट्यार आणि एक सुरी घडविली. ही हकीकत बादशहानें स्वतःच्या आत्मचरित्रांत लिहिली आहे, आणि त्यांतील सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयांत आहे. अपरिचित धातु हातीं आला, तो फसला, फसण्याचें कारण ओळखलें, प्रमाण बदललें आणि काम साधलें. प्रयोग म्हणतात तो याहून निराळा काय असतो? बादशहाच्या पदरीं केला तर तो प्रयोग, आणि औशाच्या रस्त्यावर केला तर ती घिसाडघाई, असा न्याय आम्हांला मान्य नाहीं.

येथवर वाचून कांहीं उत्साही तरुण टाळ्या वाजवितील. त्यांनाही दोन शब्द सुनावणें भाग आहे. अलीकडे सुऱ्या घडविण्याचा छंद देशोदेशींच्या सुशिक्षितांत पसरला आहे आणि आपल्याकडेही त्याचे भक्त निघाले आहेत. त्यांना भंगाराचा तिटकारा नाहीं, उलट मोह आहे. फटफटीची सांखळी, विहिरीवरचा तारेचा दोर, रेल्वेच्या रुळाचा खिळा, जें जितकें विचित्र तितकें तें त्यांना पूज्य. यांत एक भ्रम आहे. रुळाच्या खिळ्यांत कर्ब इतका थोडा असतो, फार तर शेंकडा ०.३ पर्यंत, कीं त्याची सुरी दिसते सुरेख पण धार धरीत नाहीं. खिळा लवचिक असावा, मोडूं नये, म्हणून तो मुद्दामच तसा करतात. कांहीं स्वस्त कानशींना वरवरचाच कठीण थर असतो. घासतां घासतां तो गेला कीं आंत मऊ लोखंड. वेगानें कापणाऱ्या यंत्राच्या करवतीचें पोलाद साध्या भट्टीला आणि साध्या पाण्याला दाद देत नाहीं. जस्ताचा मुलामा दिलेला नळ भट्टींत घातला तर त्याच्या धुरानें ताप भरतो. मोटारीचें धक्के सोसणारें बंद नळकांडें तापविलें तर तें फुटून प्राणावर बेतूं शकतें. आणि रुळांवरचे खिळे वा कड्या परस्पर उचलून आणणें हा तर १९६६ च्या कायद्यान्वयें सरळ गुन्हा आहे. वस्तु विचित्र असली म्हणजे पातें चांगलें होतें, हा समज आणि वस्तु टाकाऊ असली म्हणजे पातें वाईट होतें, हा समज, दोन्ही एकाच आळसाचीं अपत्यें आहेत. दोहोंतही परीक्षा नाहीं.

परीक्षा कशी करावी, हें कुशल लोहाराला शिकवावें लागत नाहीं. तो अनोळखी तुकडा सहाणेच्या चाकाला लावून ठिणग्या पाहतो. कर्ब अधिक असेल तर त्या दाट फुलतात. तो छोटा तुकडा लाल करून पाण्यांत विझवितो आणि मोडून आंतला कण पाहतो. त्यावर कानस चालते कीं घसरते, हें पाहतो. पाणी देण्याची वेळ तो रंगावरून ओळखतो. लोहचुंबक जवळ असेल तर लोखंड त्याला चिकटेनासें झालें कीं ती घटका जवळ आली, हेंही त्याला कळतें. पाट्याला तेलाऐवजीं पाणी दिलें तर तो तडकण्याची भीति असते, हेंही तो कधींतरी तडकवूनच शिकलेला असतो. अमेरिकेंत १९७६ सालीं स्थापन झालेल्या लोहारांच्या एका मंडळानें हीच वृत्ति नियमांत बसविली आहे. तेथें पहिल्या पदवीच्या उमेदवाराच्या सुरीनें लोंबता, इंचभर जाडीचा दोर एका घावांत तोडला पाहिजे, लांकडाची तुळई दोनदां छेदली पाहिजे, त्यानंतरही केंस भादरला पाहिजे, आणि शेवटीं पातें काटकोनांत वांकवूनही तुटतां कामा नये. पातें नव्या पोलादाचें कीं जुन्या, याला त्या परीक्षेंत महत्त्व नाहीं. पातें काय करतें याला आहे.

मग उणें कोठें आहे? उणें लिहिण्यांत आहे, आणि लिहिणें हा आपला धंदा आहे. १७९४ सालीं डॉक्टर हेलिनस स्कॉट यानें मुंबईहून आपल्या देशी पोलादाचा नमुना लंडनला पाठविला. दुसऱ्याच वर्षीं पिअर्सननें त्यावर निबंध वाचला. पुढें स्वतः लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेनें १८१९ सालीं त्या पोलादाचें पृथक्करण केलें आणि स्टोडार्ट नांवाच्या सुऱ्या करणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन पोलादांत चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातु मिसळून पाहिले. आमच्या पोलादाच्या गुणाचें कारण त्यानें ॲल्युमिनियमवर ढकललें. तें चुकलें होतें. पण त्यानें तें लिहून ठेविलें, म्हणून पुढच्यांना तें सुधारतां आलें. शास्त्रज्ञ आणि सुऱ्या करणारा एका भट्टीपाशीं उभे राहिले, यांतच तें यश आहे. आमच्याकडे शास्त्रज्ञ एका गांवीं आणि लोहार दुसऱ्या, असेंही नाहीं. दोघे एकाच गांवांत, पण एकमेकांना अनोळखी आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रनिकेतनें आणि अभियांत्रिकी महाविद्यालयें आहेत. काठिण्य मोजण्याचीं यंत्रें तेथें असतात, आणि दरसाल त्यांवर त्याच त्या ठोकळ्यांची परीक्षा होते. रस्त्यापलीकडच्या पालांतला कोयता त्या यंत्राखालीं ठेवावा, असें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

कोणी विचारील, "हत्यारें सुधारून द्यायचीं म्हणजे गुंडांच्या हातीं तीं जायचीं नाहींत काय?" १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यानें केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तु शस्त्राच्या व्याख्येंतून वगळल्या आहेत, आणि त्यांत शहाणपणा आहे. गुन्हा हाताचा असतो, विळ्याचा नव्हे. ज्या नांदेडांत १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेविला, ज्या गांवांत शिकलगारांचीं घरें आहेत आणि कृपाण श्रद्धेनें विकत घेतलें जातें, तेथें तरी पातें म्हटलें कीं पोलीसचौकी आठवूं नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे बहुधा सहृदय असतात. ते म्हणतात, "घिसाड्याच्या कलेचे गोडवे गाऊन तुम्ही त्याच्या मुलांनींही उन्हांत घणच मारावा, असें सुचवितां काय?" मुळींच नाहीं. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादींत ज्यांचें नांव आहे, त्यांच्या मुलांना शाळा, स्थिर घर आणि हवा तो धंदा मिळालाच पाहिजे. ज्याला ऐरण सोडायची असेल त्यानें ती खुशाल सोडावी. पण माणसानें धंदा सोडणें वेगळें आणि धंद्यांतलें ज्ञान भंगारांत जाणें वेगळें. बापानें चाळीस वर्षांत कोणता तुकडा कशाला चालतो हें जें जमविलें, तें मुलगा इंजिनीयर झाल्यावर त्याच्या पुस्तकांत सांपडत नाहीं, कारण तें कोणीं लिहिलेंच नाहीं. आणि जो ऐरणीपाशीं राहील, त्याच्या खुरप्याला भंगाराचा नव्हे तर हुन्नराचा भाव मिळाला पाहिजे, हा साधा न्याय आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाहीं. नांदेड-लातुरांतील एका तरी महाविद्यालयानें एका वर्षाच्या विद्यार्थ्यांना एवढेंच काम द्यावें: दहा पालांवर जावें, कोणतें भंगार कशासाठीं वापरतात, कोणतें टाळतात आणि कां, हें लोहाराच्या तोंडून त्याच्या शब्दांत उतरून घ्यावें, घडविलेल्या पात्याचें काठिण्य मोजावें, एक कोयता ऊसाच्या फडावर दिवसभर चालवून धार किती टिकली तें पाहावें, आणि मिळालेला तक्ता मराठींत, लोहाराच्या नांवानिशीं छापून त्याच लोहाराला वाचून दाखवावा. चुकलें असेल तें तो सांगेल. हें झाल्यावर 'घिसाडघाई' या शब्दाचें काय करायचें तें कोशकारांनीं पाहावें. तोंवर निदान, न पाहिलेल्या कामाला तो शब्द लावण्याची घाई आपण करूं नये.