वाटाड्याची मजुरी
पावसाळा सरला की देवळ्यावरून साल्हेर किल्ल्याकडे जाणाऱ्या ट्रेकच्या जाहिरातींचं पेव फुटतं. त्यांत १५६७ मीटर उंची असते, १६७२ची लढाई असते, २०२५पासून जागतिक वारशाचा शिक्काही. पायथ्याच्या कोकणा-भिल्ल वस्त्या मात्र ‘घरगुती जेवण’ एवढ्यात उरकतात. पडक्या दरवाजांपुढे फोटो काढणाऱ्यांना मार्गशीर्षात पावरी वाद्याच्या सुरावर चालणारा या वस्त्यांचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव वारसा वाटतच नाही. माझं मत सरळ आहे: स्थानिक वाटाड्या सक्तीचा करा आणि त्याची मजुरी रोख द्या. पैशाने गावाचा बाजार होईल, असा आक्षेप येतो. तो बहुधा वस्तीत फुकट पाणी भरून घेणारेच घेतात. बाजार कधीच भरलाय, गल्ला तेवढा शहरात जातो. डोंगऱ्यादेवाचं मात्र वेगळं. ते व्रत आहे, तिथे बोलावल्याशिवाय मोबाइल उगारू नये.