‘अंगठा लागत नाही’ म्हणजे काम संपले नाही

दर्यापूरसारख्या तालुक्यात रेशन दुकानावर ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य आता कोणाला नवे नाही. कापूस वेचून, निंदण करून बोटांवरच्या रेषा झिजतात. वयाबरोबर त्या आणखी पुसट होतात. ई-पॉस मशीनवर घेतलेला ठसा ‘आधार’च्या प्रणालीकडे तपासणीला जातो. तो जुळला नाही तर तिकडून उत्तरादाखल ३०० हा सांकेतिक क्रमांक येतो. संगणकाच्या दृष्टीने काम नियमानुसार पार पडलेले असते. रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीने ते झालेलेच नसते.

चूक कशी कळवावी, यावर प्रोग्रामरांमध्ये जुना वाद आहे. सी भाषेची रीत अशी, की काम फसले तर एक आकडा परत करायचा. ज्याने काम सांगितले त्याने तो तपासला नाही, तर प्रोग्राम काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालतो. जावा, पायथॉन या भाषांत ‘एक्सेप्शन’ची रीत आहे. चालू काम तिथेच थांबते आणि चूक हाताळणारा कोणी सापडेपर्यंत ती एकेक पायरी वर जाते. कोणीच नसेल तर सगळा प्रोग्राम बंद पडतो.

दोन्ही रीतींत धोका आहे. ४ जून १९९६ रोजी ‘एरियन ५’ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एक मोठी संख्या छोट्या जागेत मावली नाही, एक्सेप्शन उठले, आणि ते हाताळायची सोयच तिथे ठेवलेली नव्हती.

म्हणून खरा प्रश्न रीतीचा नाही, जबाबदारीचा आहे. चूक झाल्यावर ती कोणाकडे जाते आणि तो काय करतो? रेशनच्या बाबतीत नियमाने उत्तर दिलेले आहे. आधार प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाचा विषयच ‘एक्सेप्शन’ हाताळणे हा आहे. ठसा जुळला नाही एवढ्यावरून लाभ नाकारू नये, पर्यायी मार्गाने ओळख पटवावी, असे ते सांगते. पण कागदावरचा हा नियम मशीनमध्ये उतरला नाही, तर ३०० हा आकडा दुकानदाराच्या काउंटरवरच विरून जातो.

पर्याय मोकळा सोडला तर गैरवापर होईल, ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय नोंदीचा आहे, नकाराचा नाही. ठसा फसला की मशीनने त्याचे कारण मराठीत छापून द्यावे, नोंद आपोआप तहसीलच्या पुरवठा विभागात जावी आणि अशा नोंदींचा दुकाननिहाय आकडा दरमहा फलकावर लागावा. चूक वर पोहोचली, तरच ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावर तरी येते.